मागचे ब्रेक

मोटारीच्या मागच्या ब्रेकविषयी कोणी निबंध लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. इंजिनाविषयी लोक भरभरून बोलतात. गाडी किती पळते हे शेजारी विचारतात, दूधवाला विचारतो, लग्नाला आलेले व्याही तर भर पंगतीत विचारतात. ती थांबते कशी, असे विचारणारा मनुष्य मला उभ्या वाशीम गावात एकच भेटला. आणि तो धंद्याने मिस्त्री असल्यामुळे त्याच्या विचारण्याला निव्वळ जिज्ञासा म्हणता येत नाही. त्यातही समोरच्या ब्रेकांना थोडीफार प्रतिष्ठा आहे. चाकाच्या आऱ्यांमधून त्यांची चकचकीत तबकडी दिसते. हौशी मंडळी तिच्यावरच्या कॅलिपरला तांबडा रंगही देतात. मागच्या चाकात मात्र पुष्कळ गाड्यांना अजून ड्रमच असतो. बिडाचे एक उपडे पातेले, आत दोन अर्धचंद्राकृती शू आणि त्यांना चिकटवलेले लायनर. पाय दाबला की शू फाकतात आणि फिरत्या पातेल्याला आतून घासतात. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काही म्हणता काही दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात या उपड्या पातेल्यांवरून आमच्या घरी बरीच चर्चा झाली. पातेली माझ्या पुतण्याच्या मोटारीची. थोरले बंधू गेल्यावर तो पुण्याची नोकरी सोडून वाशीमला आला आणि वडिलांचे बियाण्यांचे दुकान चालवू लागला. येताना त्याने पुण्याच्या दोनच गोष्टी बरोबर आणल्या: एक कडू कॉफी पिण्याची सवय, आणि दुसरी, कोणीतरी आधी वापरलेली एक पोलो जीटी टीएसआय. गाडी दिसायला लहानखुरी. इंजिन बाराशे सी. सी. चे, म्हणजे आकडा ऐकून कोणी दचकणार नाही. पण त्याला टर्बो असल्यामुळे पाय जरा जास्त पडला की पाठ आसनाला चिकटते. भारतात या मोटारीचे उत्पादन २०२२ साली थांबले, आणि तेव्हापासून तिच्या मालकांची तिच्यावरची माया अधिकच वाढलेली दिसते. गेलेल्या माणसासारखेच गाडीचेही आहे. ती बंद पडली की तिचे गुण आठवू लागतात.

या गाडीतून तो दर महिन्याला आपल्या आईला नागपूरला नेतो. वहिनींवर तिथे दीड वर्षामागे कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरची औषधे, तपासण्या, पुन्हा औषधे, हे चालूच आहे. पूर्वी हा प्रवास म्हणजे पूर्ण दिवसाची दैना होती. आता मालेगावकडून समृद्धी महामार्गाला लागले की नागपूर जवळ आले. हा ७०१ किलोमीटरचा रस्ता आमच्या जिल्ह्याच्या उत्तर भागातून, मालेगाव, मंगरुळपीर आणि कारंजा या तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. ज्या भागात आमच्या लहानपणी दमणीला बैल जोडून मामाच्या गावी जात, त्याच भागात माणूस आता मिनिटाला दोन किलोमीटर जातो, आणि जाता जाता भ्रमणध्वनीवर सोयाबीनचा भावही विचारतो!

तर एके दिवशी पुतण्या म्हणाला, "काका, मागे डिस्क ब्रेक बसवायचे म्हणतो."

मला वाटले, पुण्याची हौस अजून फिटलेली नाही. पण त्याने जे सांगितले ते हौसेचे नव्हते. मागच्या खेपेला कारंज्याच्या अलीकडे एक ट्रक एकाएकी उजव्या पट्ट्यात आला. याने जोराने ब्रेक दाबला. गाडी थांबण्याची थांबली, पण शेवटी शेवटी तिचा मागचा भाग किंचित वळला. वहिनी मागे पडून होत्या. त्यांना काही कळले नाही. याला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. "एवढ्या वेगाच्या गाडीला मागे ड्रम आहे, काका. आईला घेऊन जाताना मला भीती वाटते," तो म्हणाला. वरच्या प्रतीच्या गाडीचे डिस्क, कॅलिपर, सगळा सरंजाम त्याने मागवलाही होता. कॅलिपर अर्थातच तांबडे होते.

मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. निवृत्त मास्तराची एक खोड अशी, की कोणी भीती वाटते म्हणाला तर तो आधी पाटी घेऊन हिशेब मांडतो. मीही मांडला. माणसांसकट गाडी चौदाशे किलो धरली. ताशी १२० च्या वेगात तिच्यात पावणेआठ लाख ज्यूल एवढी शक्ती साठलेली असते. या उष्णतेत अडीच लिटर गार पाणी खळखळून उकळेल. म्हणजे आलेल्या पाहुण्यांचा चहा निघेल. ब्रेकला हे सारे चार-पाच सेकंदांत करायचे असते. ताशी ६० च्या वेगात हाच आकडा निम्मा नव्हे, चौथा हिस्सा होतो. मुले परीक्षेत वेगाचा वर्ग करायला विसरत, आणि मी लाल शाईने गुण कापीत असे. रस्त्यावर गुण कोण कापतो ते सांगायला नको.

पुतण्याच्या म्हणण्यात तथ्य होते, हे मला मान्य केले पाहिजे. ड्रमच्या पोटात उष्णता कोंडून राहते. तबकडी उघडी असल्यामुळे तिला वारा लागतो. गंमत अशी की दोन्ही कल्पना एकाच वयाच्या आहेत. फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रमला आजचे रूप दिले ते १९०२ साली, आणि इंग्लंडमध्ये लँचेस्टरने तबकडीच्या ब्रेकचे पेटंट घेतले तेही १९०२ सालीच. पुढे अर्धे शतक ड्रमचेच राज्य चालले. मग १९५३ साली ल मां येथे चोवीस तासांची शर्यत झाली, आणि डिस्क लावलेल्या जग्वार गाडीने ती ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरीने जिंकली. वळणाच्या अगदी तोंडाशी येईपर्यंत तिच्या चालकांना वेग कमी करावा लागत नव्हता. आणि ब्रेक तापून मंद पडतील ही धास्तीही नव्हती. आपल्याकडे मात्र त्यानंतर कित्येक वर्षे अँबॅसेडर आणि फियाट चारी चाकांना ड्रम बांधूनच हिंडत होत्या, आणि माणसे घरी पोचत होती. त्यांचा वेगही तसाच होता, म्हणा.

आमच्या वाशीमकरांना ब्रेक तापणे म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. वाशीम पठारावर आहे आणि अकोला पूर्णेच्या खोऱ्यात. मेडशीच्या पुढे पातूरचा घाट लागतो, आणि अकोल्याला पोचेपर्यंत माणूस सुमारे अडीचशे मीटर खाली उतरलेला असतो. पाटी हातात होतीच, म्हणून तोही हिशेब केला: ही उतरंड चौदाशे किलोच्या गाडीला जी शक्ती देते ती १२० च्या वेगातून चार वेळा थांबण्याइतकी आहे. त्यातली बरीचशी वारा आणि इंजिन खाऊन टाकतात, म्हणूनच जुने ड्रायव्हर घाटात खालचा गिअर टाकून गाडी गुरगुरत उतरवतात. ज्या चालकाला ही गुरगुर सहन होत नाही आणि जो सबंध घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरतो, त्याच्या चाकांना जळक्या लायनरचा वास येतो. तो वास आमच्या भागातल्या लहान पोरांनाही ओळखता येतो.

वेगाचे वेड काही मोटारीबरोबर आलेले नाही, हेही जाता जाता सांगतो. विदर्भात शंकरपट आहेच. हलकी छकडी, तिला चुन्यासारखी पांढरी जोडी, आणि सेकंदाच्या अपूर्णांकांत मोजलेली धाव. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या आणि १८ मे २०२३ च्या निकालाने त्यांची वाट पुन्हा मोकळी झाली. छकडीला ब्रेक नसतो. पटाच्या शेवटी मोकळे रान ठेवलेले असते आणि कासरा धरणाऱ्याची छाती असते. थांबण्याची तेवढीच तजवीज. समृद्धी महामार्गाच्या शेवटी मोकळे रान ठेवण्याची सोय नाही.

पण मूळ प्रश्न उष्णतेचा नव्हता. गाडीचा मागचा भाग वळला होता. आणि इथेच मागच्या ब्रेकांचा खरा स्वभाव पाहावा लागतो.

बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते. जू बैलांच्या मानेवरून वर उठू पाहते. मोटारीला ब्रेक लावला की नेमके याच्या उलट घडते. सारा भार पुढे झुकतो, नाक खाली जाते आणि शेपूट हलके होते. उभ्या असताना चौदाशेपैकी साधारण साडेपाचशे किलो मागच्या चाकांवर असतील, तर जोराचा ब्रेक लागताच तिथे जेमतेम तीनशे उरतात. ज्या चाकावर भार नाही ते चाक रस्ता धरू शकत नाही. त्याला ब्रेकने घट्ट आवळले, तर ते फिरायचे थांबून नुसते घसरू लागते; आणि घसरणाऱ्या टायरला दिशा नसते. समोरची चाके आधी अडकली तर गाडी सुकाणू ऐकत नाही, पण निदान सरळ जाते. मागची आधी अडकली तर मागचा भाग पुढे येऊ पाहतो आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. म्हणून मोटारी घडवणारे लोक मागचे ब्रेक मुद्दाम थोडे आळशी ठेवतात. ती काटकसर नव्हे, किंवा नुसती काटकसर नव्हे. मागच्या ब्रेकाने पुढच्याच्या आधी कधीही पराक्रम गाजवू नये, हा त्याच्या नेमणुकीतला पहिला नियम आहे.

मागचे ब्रेक म्हणजे घरातली वडीलधारी माणसे, अशी एखादी उपमा इथे वाचकाला सुचली असेल. मलाही सुचली होती. पण मी ती देणार नाही. वडीलधारी माणसे मागे राहून आळशीपणाने काम करीत असल्याचे मी तरी कुठे पाहिलेले नाही.

"पण काका, गाडीला एबीएस आहे ना," पुतण्या म्हणाला. आहे खरे. एप्रिल २०१९ पासून तर आपल्या देशात प्रत्येक नव्या मोटारीला ते असावेच लागते. चाक अडकू लागले की ते यंत्र ब्रेकचा दाब क्षणभर सोडते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते. त्याच्याच पोटातली दुसरी एक योजना मागच्या चाकांना किती दाब द्यायचा हे ठरवते. परंतु हे सारे गणित त्या गाडीच्या मूळ ड्रमांवर बेतलेले असते. शिवाय डिस्कच्या कॅलिपरला ड्रमच्या छोट्या सिलिंडरपेक्षा जास्त ब्रेक ऑइल लागते. ते पुरवणारा मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर पायाखालचे पेडल खोल जाऊ लागते. म्हणजे तोही बदला. मग हँडब्रेकची तार बदला, कारण ड्रममध्ये ती सोय आपसूक असते आणि डिस्कमध्ये वेगळी करावी लागते. त्यात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे. कारखान्याने ठरवून नोंदवलेल्या तपशिलात मालकाने मनास येईल तसा बदल करू नये, असा त्याचा आशय. उद्या अपघात झाला तर विमेवाला हे कलम आपल्या आधी वाचील.

हे सर्व मी त्याला सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकले आणि मला पटले नाही असे म्हटले. शेवटी आम्ही दोघे पुसद नाक्याकडच्या मिस्त्रीकडे गेलो.

हा मिस्त्री म्हणजे अवलिया. पदार्थविज्ञान त्याने कधी शाळेत शिकलेले नाही, त्यामुळे त्याला ते चांगले येते. पुतण्याने खोके उघडून तांबडे कॅलिपर त्याच्यापुढे ठेवले. त्याने एक हातात घेऊन वजन केल्यासारखे केले, परत ठेवले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "लावून देतो, सर. मले काय, मजुरी भेटते. पन मांगं कोन बसते ते सांगा पयले."

"आई बसते," पुतण्या म्हणाला.

"रोज?"

"नाही. महिन्यातून एकदा. एरवी मी एकटाच."

"हां," मिस्त्री म्हणाला, "मंग हेच तं पायजे."

त्याने विचारलेला प्रश्न मी माझ्या पाटीवर मांडायला हवा असलेलाच होता. मागे वहिनी झोपलेल्या, डिकीत त्यांची गादी, उशा, पाण्याचा पिंप, फायलींची पिशवी, अशा वेळी मागच्या चाकांवर भार असतो आणि मागच्या ब्रेकाला काम करता येते. दुसऱ्या दिवशी पुतण्या एकटा दुकानाच्या कामाला निघाला की तीच चाके हलकी. एकच ब्रेक दोन गाड्यांना पुरवायचा असतो: भरलेल्या आणि रिकाम्या. काही मालवाहू गाड्यांत यासाठी मागच्या धुऱ्याला एक दांडी जोडलेली असते. भाराने गाडी दबली की ती दांडी झडप उघडते आणि मागे दाब जास्त सोडते. लहान मोटारीला हे काम एबीएसच्या गणितावर सोपवलेले असते.

मिस्त्रीने हेच एका वाक्यात सांगितले. "समोरचा ब्रेक गाडी थांबोते, मांगचा ब्रेक गाडीले सिदी ठेवते. मांगचा लय झाला आन् मांगं कोनी नसलं, तं गाडी घुमते."

मला एकदम रेल्वेच्या गार्डाच्या डब्याची आठवण झाली. वाशीमवरून मीटरगेजची गाडी जात असे, २००८ साली तिथे रुंद रूळ आले. त्या गाडीच्या अगदी शेवटी गार्डाचा डबा. त्याला ब्रेकव्हॅन म्हणत, आणि लहानपणी मला याचे नवल वाटे. कारण गाडी थांबवणारा ड्रायव्हर तर पुढे इंजिनात. पण मागूनही एक हात ब्रेकवर असावा लागतो, हे रेल्वेवाल्यांनी फार पूर्वी ओळखलेले होते. २०२२ पासून गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. हुद्दा वाढला, डबा मागेच राहिला.

"डिस्क ठेवा बाजूले," मिस्त्री म्हणाला. "बिमारी पाह्याच्या आंधी दवा काऊन घेता? ड्रम तं खोलू द्या."

ड्रम निघायला अर्धा तास लागला. गंजाने तो जागीच बसला होता. हातोडीचे ठोके दिल्यावर उजवीकडचा सुटला. आत काळी भुकटी, लायनर झिजलेले, तरी काम करणारे. मग डावीकडचा काढला. तो हातात येताच मिस्त्रीने जीभ टाळ्याला लावून चुक् केले. चाकातला छोटा सिलिंडर पाझरत होता. ब्रेक ऑइल ओघळून शू ओले झाले होते आणि भुकटीशी मिसळून त्याचा चिखल झाला होता. एक बाजू धरीत होती, दुसरी ओल्या साबणासारखी निसटत होती. गाडीची शेपटी वळली ती यामुळे. ड्रमच्या जातीचा तो दोष नव्हता. एका रबरी वॉशरने आयुष्य संपल्याचे कळवले होते, आणि ते पत्र कोणी उघडून वाचले नव्हते, कारण ते उपड्या पातेल्याखाली पडलेले होते.

पुतण्या काही बोलला नाही. तो बराच वेळ उकिडवा बसून त्या ओल्या शूकडे पाहत राहिला. कारंज्याच्या अलीकडचा तो ट्रक त्याला पुन्हा दिसत असावा.

मिस्त्रीने मग टाकीतले ऑइल पाहिले. ते काकवीसारखे काळपट झाले होते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी पिते, आणि पाणी प्यायले की लवकर उकळते. डीओटी ४ जातीचे ताजे ऑइल निदान २३० अंशांपर्यंत दम धरते. पाणी मुरल्यावर १५५ अंशांचीच हमी उरते. उकळले की नळीत वाफ होते, वाफ दबते आणि पाय फरशीला टेकतो. लोक त्याला ब्रेक फेल होणे म्हणतात. दोन वर्षांनी ते बदलावे एवढाच त्यावर उपाय, आणि तो इतका स्वस्त आहे की कोणालाही त्याचा अभिमान वाटत नाही.

दोन्हीकडचे सिलिंडर नवे घातले, लायनर नवे घातले, ड्रम लेथवर साफ करून आणले, सारे ऑइल काढून ताजे भरले आणि नळ्यांतली हवा काढली. समोर नवे पॅड. उरलेल्या पैशांत, मिस्त्रीच्याच सांगण्यावरून, चार टायर आले. कारण ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला रस्त्यावर धरतो तो टायरच, आणि जुने टायर वरून शाबूत दिसले तरी आतून वाळले होते. तांबडे कॅलिपर खोक्यातच राहिले. ते परत घ्यायला विक्रेता तयार नाही. सध्या ते खोके दुकानात सोयाबीनच्या पोत्यांमागे आहे, आणि पेरणीच्या दिवसांत एका शेतकऱ्याने त्याला फवारणीच्या पंपाचा सुटा भाग समजून किंमतही विचारली.

सप्टेंबरच्या खेपेला मीही बरोबर गेलो. पुतण्या शंभराच्या आतच चालवीत होता. मालेगाव मागे पडले, शेलूबाजार मागे पडले. दोन्ही बाजूंना पिवळे पडू लागलेले सोयाबीन. वहिनी मागे आडव्या होत्या. त्यांचे डोळे मिटलेले होते म्हणून मला वाटले, झोप लागली. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "काय रे, आज बैलगाडी जुंपलीस का?"

पुतण्या हसला. मी म्हणालो, "वहिनी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तिथे सुई टोचून घेत तीन तास पडायचं असतं. जाताना तरी जरा वारा लागू दे."

हा मुद्दा माझ्या पाटीवर कुठेच आलेला नव्हता. पुतण्याने आरशातून एकवार मागे पाहिले. काटा हळूहळू ११० वर गेला आणि तिथे राहिला. कारंज्याच्या पुढे रस्त्यावर फुटलेल्या टायरचे एक कातडे पडले होते. त्याने ब्रेक दाबला, गाडीने नाक खाली केले, मागचा भाग जागच्या जागी राहिला, आणि बाजूच्या पट्ट्यातून आम्ही पुढे गेलो. पाण्याचा पिंप तेवढा घरंगळून माझ्या आसनाला येऊन लागला. वहिनींनी तो पायाने अडवून धरला.

पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. डिस्कचा विचार पुतण्याने सोडलेला नाही. मिस्त्रीने त्याला मास्टर सिलिंडरची चौकशी करायला सांगितले आहे, आणि परिवहन कार्यालयात आधी विचारून यायलाही. तो पिंप मात्र आता दोरीने बांधतात.